पप्पांची पाच वाक्यं

भिमाजी : ते समदं खरं बाई, पण त्यो व्हिडिओ पुसला का न्हाई, तेवढं सांगा.

वर्षाली : काका, तुमचा फोन आला तेव्हाच ग्रुपवरून काढला. बावीस पालकांचा ग्रुप, दुसरीतली मुलगी, चाळीस सेकंदांचा व्हिडिओ. त्यात पुसण्यासारखं काय होतं, ते मात्र मला अजून कळलेलं नाही.

भिमाजी : ग्रुपवरचा गेला. तुमच्या मोबाइलातला?

वर्षाली : तो आहे. वर्गाचे सगळे व्हिडिओ मी ठेवते. जूनमध्ये ही मिनल स्वतःचं नाव सांगताना रडायची. आता उभी राहून इंग्रजीत पाच वाक्यं बोलते.

भिमाजी : त्याच पाच वाक्यांपायी आलोय म्या. बसा तुमी. खोली मपली हाय, पण शिकवणाऱ्या माणसानं उभं राहू नये.

वर्षाली : रोज दीड तास उभीच असते की. बरं, बसले. बोला.

भिमाजी : हे कसलं शिकवणं, ते मला आधी समजून सांगा. आमच्या वक्ताला गुरुजी फळ्यावर लिवायचे आन आमी घोकायचो. आय गो, यू गो, ही गोज. पाढ्यावाणी. चुकलं की छडी. कुणाचा बाप काय करतो, हे गुरुजींनी जन्मात इचारलं न्हाई.

वर्षाली : मग आलं का इंग्रजी?

भिमाजी : आठवीत दोनदा बसलो. पण मुद्दा त्यो न्हाई.

वर्षाली : माझा मुद्दा तोच आहे. एवढ्याशा मुलांना मी नियम सांगतच नाही. क्रियापद म्हणजे काय, काळ किती, काही नाही. घरातलं एक माणूस निवडायचं, आठ दिवस त्याच्याकडे नीट बघायचं. ते रोज काय काय करतं? मग इथे येऊन हातापायांनी करून दाखवायचं. बाकीच्यांनी ओळखायचं, आणि सगळ्यांनी मिळून त्याचं इंग्रजी वाक्य करायचं. आई पीठ मळते, आजी सुई ओवते, पप्पा गाडी पुसतात. अशी शंभर वाक्यं झाली की व्याकरण आपसूक बसतं. सुटी झाली तरी उठत नाहीत पोरं.

भिमाजी : म्हंजे घराघरात एकेक चिमुरडा कॅमेरा बसवलाय तुमी.

वर्षाली : तुम्ही काहीही म्हणा. परवा त्या वायरमनच्या मुलानं केलेलं बघितलं असतंत, तर तुम्हीसुद्धा टाळ्या वाजवल्या असत्या.

भिमाजी : वाजवल्या असत्या. आता मिनलचा लावा. दोघं मिळून एकदा बघू.

वर्षाली : हे बघा. समोर दप्तर ठेवलंय, ते मशीन. "पप्पा टाइज वन बटन." डाव्या हाताला काहीतरी गुंडाळल्यासारखं करते, बघा. "पप्पा टेक्स द पत्रा." पत्र्याला शीट म्हणायचं सांगितलं होतं, विसरली, असू दे. "पप्पा पुट्स हिज हँड इनसाइड. पप्पा प्रेसेस द अदर बटन. द मशीन कम्स डाउन!" आणि हे धाडकन दप्तरावर. हसते कशी बघा.

भिमाजी : पयल्या वाक्याला काय म्हणली?

वर्षाली : पप्पा एक बटण बांधतात.

भिमाजी : ते कशापायी बांधत्यात, ते न्हाई इचारलं तुमी?

वर्षाली : मी कशाला विचारू? मी चिंचवडला वाढले, वडील पोस्टात. मशीनला बटण असतं, एवढंच मला ठाऊक. वाक्य बरोबर होतं, मी पुढे गेले.

भिमाजी : मग आता ऐका. प्रेसला दोन बटणं असत्यात. एक डाव्या अंगाला, एक उजव्या. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो. का? तर दोन्ही हात बटणावर गुंतलेले राहावेत. आत काय राहायला नको.

वर्षाली : आणि एक बांधून ठेवलं तर?

भिमाजी : तर एक हात मोकळा. आतला तुकडा सरकवायला, नीट बसवायला. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापायची आन डावं बटण आवळून टाकायचं. शिफ्टला चारशे नग जादा निघत्यात.

वर्षाली : थांबा. म्हणजे डावा हात आत असताना उजव्या हातानं बटण दाबलं...

भिमाजी : हात काढायचा आधी. सवय असती त्यांना.

वर्षाली : काका, त्या व्हिडिओखाली मी "व्हेरी गुड" लिहिलं होतं. तीन वेळा टाळ्या टाकल्या होत्या.

भिमाजी : तुमी नेणतेपणानं टाकल्या. पण कुणीतरी त्यो पुढं ढकलला, आन फिरत फिरत गेला मॅनेजरसायबाकडं. काल मला आत घेऊन दार लावलं त्यांनी. म्हणले, भिमाजी, माणसं तुझी, खोली तुझी, वर्ग तुझ्या खोलीत. हे काय चाललंय? पंधरा वरीस माणसं पुरवतोय म्या त्या कंपनीला. दार लावून कधी कुणी बोललं न्हवतं.

वर्षाली : मग तुम्ही काय म्हणालात?

भिमाजी : म्या काय म्हणणार? पाणी मागितलं. आता असं हाय बघा. शनिवारी गाड्या बनवणाऱ्या मोठ्या कंपनीची मंडळी येत्यात. आमची कंपनी त्यांनाच माल देती. आधी शेड बघणार, मग हितं तुमचा वर्ग. पाटीवर नाव कंपनीचं हाय ना? तवा कंपनी गोरगरिबांच्या लेकरांना इंग्रजी शिकवती, हे दाखवायचं.

वर्षाली : कळलं. त्या दिवशी मिनलला बोलू देऊ नको, असंच ना? नाही बोलणार ती. मागे बसवीन.

भिमाजी : उलटं. तिलाच उभी करायची. त्यो व्हिडिओ त्या मंडळींपैकी कुणी बघितला असंल, तर त्यांना कळाया पायजे की पोरीनं ते मनानं केलं व्हतं. सायबांनी नवी वाक्यं लिवून दिल्यात. ह्यो कागद.

वर्षाली : "माय फादर इज अ सेफ वर्कर. ही प्रेसेस बोथ द बटन्स. ही वेअर्स हिज ग्लव्हज. ही लव्हज हिज कंपनी. सेफ्टी कम्स फर्स्ट."

भिमाजी : चूक हाय का कुठं?

वर्षाली : एकही नाही.

भिमाजी : मग घ्या घोकून. आज बुधवार. तीन दिस हायत.

वर्षाली : सहा महिने मी त्या मुलांना सांगतेय, जे बघितलं तेच बोला. आता सांगू, बघितलेलं विसरा आणि हे बोला?

भिमाजी : लेकरं लई लवकर शिकत्यात. आपल्यालाच उगा जड जातं.

वर्षाली : आणि ती पट्टी? ती तशीच राहणार?

भिमाजी : काढायला लावतो.

वर्षाली : शनिवारपुरती?

भिमाजी : कायमची. शनिवारच्या आत निघंल आन परत लागायची न्हाई. शब्द देतो. ह्या कुरुळी गावात भिमाजीचा शब्द म्हंजे काय, ते कुणालाबी इचारा. रस्त्यापलीकडं कंपनी उभी हाय ना, तितं आमी ज्वारी काढायचो. जमीन दिली तवाबी शब्दावर दिली, कागद मागनं झाला.

वर्षाली : आणि मी नाही म्हटलं तर?

भिमाजी : आता असं कशाला बोलायचं? ह्या खोलीला कुलूप लावायला मला किती वेळ लागतो? न्हाई लावत. बावीस लेकरं उन्हात कुठं जातील? आन मिनलच्या बापाचं, त्या नवनाथाचं गेट पास माझ्या सहीवर चालतंय. त्येबी न्हाई म्हणत म्या काही. ही बघा, पूनम आलीच लेकीला न्यायला. ये पोरी, आत ये. मिनल कुठाय?

पूनम : बाहेर पायरीवर बसलीय काका. चप्पल घालायलीय. काय झालं? मॅडमचा चेहरा असा का?

वर्षाली : पूनम, नवनाथ भाऊ मशीनचं बटण बांधतात. तुला माहीत होतं?

पूनम : समद्यांनाच माहीत असतंय की मॅडम.

वर्षाली : मला कुणी का नाही सांगितलं?

पूनम : तुमाला कशाला सांगावं? तुमी इंग्लिशच्या. मिनल घरी आली, म्हणली, पप्पा तुमी काय करता ते दाखवा, मॅडमनं बघून यायला सांगितलंय. तर हे बसले की जमिनीवर. जेवणाचा डबा मशीन म्हणून ठेवला. माझ्या केसाचं रबर एका हाताला गुंडाळलं, म्हणले, हे असं बांधायचं. किती दिसांनी लेकराशी खेळले, मॅडम. ओव्हरटाइम करून आलं की झोपतात नुसते. मी भाकऱ्या टाकता टाकता बघत होते आन हसत होते. मला काय ठाऊक ती वर्गात येऊन तसंच्या तसं दाखवील.

वर्षाली : मीच दाखवायला सांगितलं होतं. काका म्हणतात, सवय असते.

पूनम : बुद्धरत्न भाऊंना पण होती सवय.

भिमाजी : पूनम.

पूनम : नाही बोलत काका.

वर्षाली : बोल. कोण बुद्धरत्न? अंजलीचे वडील? ते तर दिवाळीत परभणीला गेले ना, शेती करायला? अंजलीचं नाव मीच हजेरीतून कमी केलं.

पूनम : शेती कुठली त्यांना मॅडम. तीन बोटं गेली. तीच मशीन होती. पाचव्या दिवशी मिनलच्या पप्पांना तिच्यावर लावलं.

वर्षाली : काका?

भिमाजी : काय काका? दवाखान्यात म्याच नेला त्याला. माझ्या गाडीत, माझ्या टावेलात हात गुंडाळून. बायको जेवाया बोलावती तर अजूनबी तोच टावेल दिसतो मला. लई चांगलं माणूस. पण काम तर थांबत न्हाई ना? त्या मशीनवर म्या न्हाई माणूस दिला तर दुसरा ठेकेदार देतो. रांग लागलीय.

वर्षाली : आणि अंजलीनं मला टाटा केला होता जाताना. मी विचारलं, गावाला आवडेल का? मान हलवली होती तिनं.

पूनम : मॅडम, काका म्हणतात ते करा.

वर्षाली : तू सांगतेस हे? नवनाथ भाऊंचा हात आहे तो.

पूनम : त्यांचा हात हाय म्हणूनच सांगते. हिंगोलीवरनं आलो तवा दोन पिशव्या होत्या आमच्या. ते कामावर राहिले तर पोरगी शाळेत राहील. वाक्य हे बोलली काय आन ते बोलली काय, तिचं इंग्लिशच होणार ना? तुमचा पगार दुसरीकडं होईल, तुमी चिंचवडच्या. आमी कुठं जावं?

वर्षाली : इंग्लिशच होणार. हो.

भिमाजी : शहाणी हाय पोर. आन पट्टी निघणार म्हणून शब्द दिलाय म्या, पूनम, तुझ्यासमोर. बाई, आता त्यो मोबाइलातला पुसता का? माझ्या डोळ्यांदेखत पुसा. राग मानू नका.

वर्षाली : हा बघा. पुसला.

भिमाजी : त्या दुसऱ्या कप्प्यात पण राहतंय म्हणे, महिनाभर. माझ्या पोरानं सांगितलंय.

वर्षाली : तिथूनही काढला. झालं?

भिमाजी : झालं. घोकंपट्टी वाईट नसती बाई. आमच्या गुरुजींची सगळी पोरं जगली.

(शनिवार, सकाळचे सव्वाअकरा. पाहुणे वर्ग बघून नुकतेच गेले आहेत. भिमाजी त्यांना सोडायला गेला आहे. खोलीत वर्षाली आणि पूनम. मिनल अंगणात बाकीच्या मुलांबरोबर बिस्किटं खाते आहे.)

वर्षाली : राहू दे ते कप, पूनम. मी धुते.

पूनम : तुमी बसा मॅडम. सकाळपासनं पाणी पण नाही प्यालात. बोलली ना ती नीट?

वर्षाली : नीट? एक अक्षर चुकली नाही. दोन्ही हात पुढे करून दोन्ही बटणं दाबली, कागदावर होतं तसं. त्या पाहुण्या मॅडमनी तर जवळ घेतलं तिला. म्हणाल्या, उच्चार किती स्वच्छ आहेत! मला त्यांचा नंबर दिला, मुलांसाठी पुस्तकं पाठवते म्हणाल्या. मॅनेजरसाहेबांनी माझ्याशी हात मिळवला.

पूनम : मग चांगलं झालं की.

वर्षाली : गुरुवारी पाठांतर घेत होते तिचं. दोन वाक्यं म्हणाली आणि थांबली. मला विचारते, मॅडम, हे कोणाचे पप्पा करतात?

पूनम : काय म्हणलात मग?

वर्षाली : म्हटलं, सगळ्यांचे. मग पुढची तीन म्हणाली, आणि त्या दिवसापासून वर्गात एकही वाक्य स्वतःचं केलं नाही तिनं. मी विचारलं, आईचं काहीतरी करून दाखव. तर म्हणाली, लिहून द्या, मी पाठ करते.

पूनम : घरी पण गप हाय. मला वाटलं सर्दीनं.

वर्षाली : वर्गातल्या एकाच मुलीला खोटं शिकवलं असं वाटलं होतं मला. पण बाकीची एकवीस बसली होती ना समोर. त्यांनी तो आधीचा खेळ पण बघितला होता आणि हा पण बघितला. कोणी हसलं नाही, कोणी म्हणालं नाही की मॅडम, हे वेगळंय. मला त्याचीच भीती वाटली. जाऊ दे. निदान पट्टी तरी निघाली. निघाली ना?

पूनम : निघाली.

वर्षाली : भिमाजी काकांनी शब्द पाळला म्हणायचा.

पूनम : पाळला. गुरुवारीच पट्टी काढली. मॅडम, मी कप धुवायला म्हणून थांबले नाही. मला तुमच्याशी बोलायचंय. काका यायच्या आत.

वर्षाली : काय झालं?

पूनम : पट्टी काढली आन बटणं पण काढली. दोन्ही. आता पायानं चालवायचं. खाली पॅडल बसवलंय, शिलाई मशीनला असतंय तसं, लोखंडी. पायानं दाबलं की ठोकळा खाली.

वर्षाली : मग हात?

पूनम : दोन्ही मोकळे. दोन्ही आत. एकानं काढायचं, एकानं ठेवायचं. सायेब म्हणले म्हणे, आता बांधायचं कायच राहिलं नाही, कुणाला दाखवायला पण कायच नाही. आधीपेक्षा तीनशे नग वाढवून मागितलेत.

वर्षाली : पण आज सकाळी पाहुण्यांनी शेड बघितली ना? त्यांना दिसलं नाही?

पूनम : ताडपत्री टाकून ठेवली होती तिच्यावर. दुरुस्तीला म्हणून पाटी लावली. रात्री जेवताना सांगितलं ह्यांनी. पाहुणे शेडमधनं गेले की ताडपत्री काढायची आन सकाळचा राहिलेला माल भरून काढायचा. म्हणजे आता जोरात चालू असंल.

वर्षाली : आणि नवनाथ भाऊ काही बोलत नाहीत?

पूनम : ते म्हणतात, सवय होईल. काल ताटावर बसले, मॅडम, आन उजवा पाय चालू. टप, टप, टप. घास तोंडात अन् पाय चालू. मी म्हणलं, अहो, पाय. तर म्हणले, कुठं काय? त्यांना कळत पण नव्हतं. मी हातानं धरून ठेवला पाय, तर माझ्या हाताखाली दाबायला लागला. मिनल बघत होती. मी तिला म्हणलं, तू ताटात बघ.

वर्षाली : देवा.

पूनम : बुधवारी मी तुमाला म्हणलं, काका सांगतात ते करा. चुकलं माझं.

वर्षाली : तुझं नाही चुकलं. तुला नवरा आणि लेकरू सांभाळायचंय. माझं काय होतं? वर्गाची पाटी. मी तुझ्या आडून हो म्हटलं. आणि व्हिडिओ पण माझ्या हातानं पुसला.

पूनम : व्हिडिओ हाय.

वर्षाली : कुठे? मी तर दुसऱ्या कप्प्यातून पण काढला.

पूनम : माझ्या भावाकडं. हिंगोलीला. तुमी ग्रुपवर टाकला तवाच मी त्याला पाठवला होता. आईला दाखव म्हणलं, नात इंग्लिश बोलायलीय. आईला काय कळतंय, पण तिनं आख्ख्या गल्लीला दाखवला. आज सकाळी त्याच्याकडनं परत मागवला मी. हा बघा.

वर्षाली : चालतोय?

पूनम : चालतोय. त्या मॅडमचा नंबर तुमच्याकडं हाय.

वर्षाली : पूनम, नीट विचार कर. ह्यात पट्टी आहे, पॅडल नाही. कंपनी म्हणेल, कामगारानंच बांधलं, आम्ही तर काढून टाकलं. सगळं नवनाथ भाऊंवर ढकलतील. काम तर जाईलच.

पूनम : जाईल. पण त्या मॅडमला एवढं तर कळंल की ताडपत्री उचलून बघायला पायजे. बघितलं की पुढचं त्यांना दिसंल. त्यांना डोळे हायत.

वर्षाली : भिमाजी काका खोलीला कुलूप लावतील. तुम्हाला राहती खोली पण सोडायला लागेल, ती पण त्यांचीच ना?

पूनम : त्यांचीच. मी कालपासनं भांडी बांधून ठेवलीत. ह्यांना नाही सांगितलं. सांगितलं तर नको म्हणतील, आन मग मला त्यांचं ऐकावं लागंल. मॅडम, अंजलीची आई जायच्या आधी माझ्याकडं आली होती. पीठ चाळायची चाळणी द्यायला, माझी तिच्याकडं राहिली होती. मी विचारलं, कसे हायत भाऊ? ती म्हणली, बरे हायत. स्वतःच्या शर्टाचं बटण लावता येत नाही म्हणून सकाळी रडतात, बाकी बरे हायत. मी काय केलं म्हणता? चाळणी घेतली आन दार लावलं. कारण पाचव्या दिवशी आमच्या घरी ओव्हरटाइम आला होता.

वर्षाली : आपण दोघी सारख्याच आहोत मग.

पूनम : तुमाला लिहिता येतंय. तेवढा फरक.

वर्षाली : दे तो फोन इकडे. मी माझ्याकडे घेते. हे बघ, आला. काय लिहू खाली?

पूनम : जे हाय ते लिहा. मिनलनं सांगितलेलं हे खरं हाय, आज सकाळचं तिला पाठ करायला लावलं. आन त्या मशीनवरची ताडपत्री काढून बघा म्हणावं. पाय कुठं असतो ते बघा.

वर्षाली : आणि पाठ मी करून घेतलं, हे पण लिहिते. माझ्या नावानं. थांब... लिहिलं. वाचून दाखवू?

पूनम : नको. तुमच्यावर भरवसा हाय.

वर्षाली : बुधवारी भरवसा ठेवावा असं काही नव्हतं माझ्यात. बरं, पाठवते. त्यांची गाडी अजून रस्त्यावरच असेल, जेवायला चाकणला जाणार होते. आत्ता बघितला तर पाच मिनिटांत मागे फिरतील, सरळ शेडमध्ये जातील. थांबवतील मशीन.

पूनम : मॅडम, थांबा. बोट काढा तिथनं.

वर्षाली : का? आता काय झालं?

पूनम : आत्ता नका पाठवू. तीनला शिफ्ट सुटती. सुटली की ते गेटवरनं मिस कॉल देतात मला, रोज देतात. तो आला की पाठवा.

वर्षाली : तीनपर्यंत? अगं, पावणेचार तास आहेत अजून. तोपर्यंत दोन्ही हात आतच असणार ना त्यांचे?

पूनम : ते मला कळत नाही का? असू द्या. सरावानं चाललंय तोवर चालू द्या.

वर्षाली : पण एक मेसेज, पूनम. ते आत शिरतील, मशीन बंद करायला लावतील. त्यात घाबरण्यासारखं काय आहे?

पूनम : शेडमध्ये धावत माणसं शिरली, तर कुणीतरी लांबनं ओरडणारच ना, नवनाथ, थांब म्हणून? पाय तर आपोआप चालायलाय त्यांचा. आन हाक मारली की वळून बघायची सवय हाय त्यांना.